सातारचा रानउंदीर: ढगातल्या जंगलातल्या सस्तन प्राण्यांची ओळख

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पश्चिम कडा पावसाळ्याचे चार महिने ढगात असतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे कोकण ओलांडून सह्याद्रीला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि त्यांतले बाष्प घाटमाथ्यावर रिते होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच असून तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे निघाले की रांगेगणिक पाऊस घटत जातो आणि माण, आटपाडी, जतपर्यंत पोचेतो तो पाचशे मिलिमीटरच्या घरात येतो. दोन शेजारी जिल्ह्यांमध्ये पावसाचा इतका फरक असल्याने इथले प्राणीही दोन वेगळ्या दुनियांतले आहेत. पूर्वेच्या माळावर लांडगा, खोकड आणि ससा आढळतात, तर पश्चिमेच्या जंगलात शेकरू, पिसोरी, गवा, भेकर आणि उदमांजर यांचा वावर असतो.

डोंगरावर ढग टेकून राहतात तिथल्या जंगलाला मेघवन म्हणतात. अशा जंगलाला दोन वाटांनी पाणी मिळते. एक आभाळातून पडणाऱ्या पावसाचे आणि दुसरे पानांवर, फांद्यांवर धुके साचून ठिबकणारे. झाडे ठेंगणी राहतात, खोडांवर शेवाळ आणि दगडफूल माजते, फांद्यांवर आमरी फुलते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर असे धुके वर्षभर टिकते. सह्याद्रीतही निलगिरी आणि अनमलईच्या उंच भागांतल्या शोला जंगलांना मेघवन हे नाव शोभते. सातारा-सांगलीचा घाटमाथा त्या काटेकोर अर्थाने मेघवन नाही. इथे धुके हंगामी असते आणि दसरा-दिवाळीनंतर सात-आठ महिने कोरडे जातात. तरीही महाबळेश्वरपासून कोयनेच्या खोऱ्यातून चांदोलीपर्यंत अंजनी, जांभूळ, पिसा आणि हिरडा यांचे सदाहरित व निमसदाहरित जंगल टिकून आहे, कारण त्या चार महिन्यांत दगडांच्या फटींत आणि झाडांखालच्या मातीत मुरलेला ओलावा त्याला उन्हाळ्यापर्यंत तगवतो. जिथे माती धुऊन गेली तिथे जांभ्याचे उघडे सडे पसरले आहेत. कासचे पठार आणि चांदोलीतला झोळंबीचा सडा ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे.

अशा उंच, ओल्या जंगलांत नव्या जाती घडतात, कारण माथ्यावरचे जंगल हे सभोवारच्या उष्ण, कोरड्या मुलखाने वेढलेले असते. हवामान कोरडे होत गेले की जंगल वर वर सरकते आणि त्यातले प्राणी एकमेकांपासून तुटतात. हजारो पिढ्या वेगळ्या राहिल्यावर त्यांच्यात फरक साचत जातात. गवा किंवा बिबळ्या खोरे ओलांडून पलीकडे जातो, म्हणून तो फारसा तुटत नाही. आयुष्यभर एखाद्या एकरभर जंगलातच वावरणाऱ्या उंदराला किंवा चिचुंद्रीला मात्र उघडा सडा आणि शेतजमीन हीच सीमा होते. त्यामुळे डोंगरी जंगलात सस्तन प्राण्यांची नवी जात सापडायची असेल, तर ती उंदीर, चिचुंद्री आणि वटवाघळे यांच्यात सापडण्याची शक्यता मोठ्या प्राण्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. लोकांचे लक्ष मात्र वाघाकडे असते. सातारा जिल्ह्याचे नाव लावणारा एकमेव ठळक सस्तन प्राणी हा उंदीर आहे, हे या भागातही फार थोड्यांना माहीत असते.

दख्खनच्या सस्तन प्राण्यांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साईक्स याने केली. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पिके, लोकसंख्या, वजने-मापे यांच्या नोंदी करत तो दख्खनभर हिंडला आणि त्याबरोबर पशुपक्षीही जमवत राहिला. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची सूची मांडली. तिची मोठी गुणवत्ता अशी, की लॅटिन नावांच्या जोडीला मराठी माणसे त्या प्राण्याला काय म्हणतात हेही त्याने टिपले. रानकुत्र्याखाली ‘कोळसून’ हे नाव त्याने नोंदले आहे. जंगलाशी रोजचा संबंध असलेल्या लोकांनी हे प्राणी आधीच निरखून वेगळे केले होते, आणि साईक्सने ती ओळख मान्य केली.

त्याच सूचीत साईक्सने दख्खनच्या रानकुत्र्याला ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ आणि घाटातल्या शेकरूला मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या नावावरून ‘स्क्युरस एल्फिन्स्टोनी’ अशी नवी नावे दिली. दोन्ही नावे जातीची नावे म्हणून टिकली नाहीत. प्राण्याला आधी दिलेले आणि रीतसर प्रसिद्ध झालेले नावच ग्राह्य धरायचे, हा वर्गीकरणाचा मूळ नियम आहे. रानकुत्र्याचे नामकरण पाल्लास या शास्त्रज्ञाने १८११ मध्येच केलेले होते आणि शेकरूचे अर्क्सलेबेन याने १७७७ मध्ये. दख्खनचा रानकुत्रा पाल्लासच्या जातीतलाच निघाला, म्हणून साईक्सचे नाव आज फक्त उपजातीपुरते वापरले जाते. शेकरूची कहाणी आणखी लांबली. रंग जागोजाग बदलत असल्याने त्याच्या अनेक उपजाती मांडल्या गेल्या. कुठे पाठ तांबूस, कुठे काळसर, कुठे शेपटीचे टोक फिके. १९५२ मध्ये हुमायून अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या उपजातींचा आढावा घेतला. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतल्या काही एकत्र केल्या आणि साईक्सचे ‘एल्फिन्स्टोनी’ मूळ उपजातीत विरून गेले. वर्गीकरणात जातींची संख्या वाढते तशी कमीही होते. केसांच्या रंगावर विसंबून केलेले वर्गीकरण बहुधा अशा रीतीने कोसळते.

साईक्सनंतरचे मोठे पाऊल १९११ मध्ये पडले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या पुढाकाराने वर्गणी जमवून हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू झाले. त्याआधी संग्रहालयांत बहुतेक शिकाऱ्यांनी पाठवलेले मोठे प्राणी होते. लहान प्राण्यांचे नमुने तुरळक, तेही कुठून आले याची नीट नोंद नसलेले. सर्वेक्षणाने पगारी संग्राहक नेमले. चार्ल्स क्रम्प याने खानदेशापासून सुरुवात केली, गाय शॉर्टरिज याने धारवाड आणि कारवारकडचा भाग हाताळला. रात्री सापळे लावायचे, पहाटे गोळा करायचे, धडाची व शेपटीची लांबी, मागचे पाऊल आणि कान अशी चार मापे ताज्या प्राण्याचीच घ्यायची, कातडे सोलून कापसाने भरायचे, कवटी स्वच्छ करून त्याच क्रमांकाने बांधायची आणि चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख लिहायची, असा त्यांचा क्रम होता. काम कंटाळवाणे होते, पण आज शंभर वर्षांनंतरही ते नमुने उपयोगी पडतात ते या चिठ्ठ्यांमुळे. चिठ्ठी नसलेले कातडे कोणत्या डोंगरावरचे हे कळत नाही आणि अशा नमुन्यावर जात ठरवता येत नाही.

याच सर्वेक्षणात एस. एच. प्रेटर यांना १९१२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले. ऑल्डफिल्ड थॉमस याने पुढच्या वर्षी त्याला वनाधिकारी आर. सी. रॉटन याचे नाव दिले. जवळजवळ शतकभर ते जगात फक्त त्या एका गुहेत राहते असे मानले जात होते. नंतर कंबोडियात आणि मेघालयात ते आढळले.

सर्वेक्षणाच्या नमुन्यांत घुशी-उंदरांचा भरणा सर्वाधिक होता आणि त्यांच्याकडे लक्ष जाण्याला एक भीषण कारण होते. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली प्लेगची साथ लवकरच सातारा जिल्ह्यापर्यंत पोचली होती. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे कळल्यावर घरातला उंदीर नेमका कोण, त्याच्या किती तऱ्हा आणि त्यांतल्या कोणत्या माणसाजवळ राहतात, हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. ब्रिटिश म्युझियममधील मार्टिन हिंटन याने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधील घरउंदरांचा अभ्यास हाती घेतला. १९१८ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्याने सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथा या ठिकाणी, सुमारे २,००० फुटांवर मिळालेल्या उंदराला ‘रॅटस रॅटस सातारी’ असे नाव दिले. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. शिराळा, वाळवा, तासगाव हे तालुके त्यातच होते; ते वेगळे काढून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कोयनेपासून वारणेपर्यंतचा सगळा घाटमाथा हिंटनच्या लेखी साताराच होता.

नावाचे तीन भाग महत्त्वाचे आहेत. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा, तिसरा उपजातीचा. म्हणजे हिंटनच्या मते हा प्राणी घरात सापडणाऱ्या काळ्या उंदराचाच, घाटात राहणारा एक स्थानिक प्रकार होता. घरउंदराचे पोट सहसा मळकट असते, याचे पांढरे. केस लांब, दाट आणि मऊ. शेपूट लांब, झाडावर तोल सांभाळायला उपयोगी. हे फरक हिंटनला दिसले होते. पण घरउंदीर हा फार बदलता प्राणी आहे आणि जंगलात राहणाऱ्या उंदरांची पोटे बऱ्याच ठिकाणी पांढरी असतात, म्हणून त्याने सावध पवित्रा घेतला. त्याच्याजवळ कातडी आणि कवट्या होत्या. दोन प्राणी एकमेकांत संकर करतात की नाही, हे त्यांवरून कळण्यासारखे नव्हते.

संकराचा हा प्रश्नच निर्णायक असतो. दोन गट एकाच मुलखात राहूनही आपापल्यातच पिढ्या चालवत असतील, तर ते वेगळ्या जाती आहेत, हे मत प्राणिशास्त्रात सर्वाधिक मान्य आहे. दूर दूर राहणाऱ्या गटांच्या बाबतीत ही कसोटी लावता येत नाही. म्हणून दोघे शेजारी राहतात अशी जागा अभ्यासकाला हवी असते. २००५ च्या जगातील सस्तन प्राण्यांच्या सूचीत सातारच्या उंदराला स्वतंत्र जात म्हणून स्थान मिळाले होते, पण भक्कम पुरावा आला तो २०११ मध्ये. मारी पाजेस, फ्रान्स्वा कात्झेफ्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात जिथे घरउंदीर आणि हा रानउंदीर दोन्ही मिळतात अशा भागातले प्राणी तपासले. शरीराची व कवटीची मापे, गुणसूत्रांची मांडणी आणि जनुके या तिन्ही बाजूंनी दोन गट वेगळे पडले. तेव्हापासून ‘रॅटस सातारी’ ही दोन भागांच्या नावाची, स्वतःच्या पायांवर उभी असलेली जात आहे.

या तीन पुराव्यांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मापांतून दिसणारा फरक आहाराने, वयाने किंवा थंडीनेही पडू शकतो, म्हणून एकट्या मापांवर कोणी जात उभी करत नाही. गुणसूत्रे पेशी विभागताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि त्यांच्या संख्येत वा आकारांत फरक असला तर संकरित पिल्ले बहुधा वांझ निघतात. पण फरक नसला म्हणून जात एकच असे म्हणता येत नाही. डीएनएमधून दोन वंश किती काळापूर्वी फुटले याचा अंदाज येतो. त्यातही एक खाच आहे. पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो. कधीकाळी एखादा जुना संकर झाला असेल तर तो डीएनए एका जातीतून दुसरीत शिरून राहतो आणि निष्कर्ष फसवतो. म्हणून केंद्रकातील जनुकेही पाहावी लागतात. तिन्ही साक्षी एकाच दिशेने गेल्या की निर्णय टिकाऊ होतो आणि सातारच्या उंदराच्या बाबतीत त्या गेल्या.

नवी जात रानात अचानक समोर येते, हे चित्र त्यामुळे बहुतांशी चुकीचे आहे. तो प्राणी तिथल्या लोकांना माहीत असतो आणि त्याचे कातडे संग्रहालयाच्या कपाटातही पोचलेले असते. राहिलेले असते ते त्याचे वेगळेपण सिद्ध करणे. मदुराईच्या पश्चिमेकडील हाय वेव्ही डोंगरांत अँगस हटन याने १९४८ मध्ये पकडलेले एक फळखाऊ वटवाघूळ मुंबईत सोसायटीच्या संग्रहात चुकीच्या नावाखाली पडून होते. किट्टी थोंगलाँग्या या थाई शास्त्रज्ञाने ते पुन्हा तपासले तेव्हा जातच काय, प्रजातीही नवी निघाली आणि १९७२ मध्ये तिला सालिम अलींचे नाव मिळाले. अँडीजच्या मेघवनातल्या ओलिंगितोचेही असेच झाले. क्रिस्टोफर हेल्गेन याला संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांत आणि कवट्यांत हा लहान, दाट केसांचा मांसभक्षी वर्गातला प्राणी वेगळा दिसला. २००६ मध्ये इक्वादोरच्या जंगलात तो जिवंत पाहिला गेला आणि २०१३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या लॅटिन नावातला ‘नेब्लिना’ हा शब्द धुक्यावरूनच घेतलेला आहे. या प्राण्याची एक मादी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत दुसऱ्याच जातीच्या नावाने राहून गेली होती.

सह्याद्रीतही असा शोध सातारच्या सीमेजवळच लागलेला आहे. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांनी १९७५ मध्ये सिंहगडाच्या माथ्यावरच्या मऊ केसांच्या उंदराचे वर्णन केले आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला ‘मिलार्डिया कोंडाना’ म्हटले. प्रजातीचे नाव सर्वेक्षण सुरू करणाऱ्या मिलार्ड यांचे आहे. रोज शेकडो माणसे ज्या गडावर पिठलं-भाकरी खायला जातात तिथे एक स्वतंत्र सस्तन जात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बिननावाची राहिली, यावरून घाटमाथ्यावरच्या लहान प्राण्यांचा अभ्यास किती विरळ आहे हे समजते.

वटवाघळांच्या बाबतीत कान डोळ्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात. नालनाक्या वटवाघळांची प्रत्येक जात ठरावीक वारंवारतेचा, माणसाला न ऐकू येणारा आवाज काढून अंधारात वाट शोधते. दक्षिण भारतात एकाच जातीत गणल्या गेलेल्या वटवाघळांत काहींचा आवाज सुमारे ८० किलोहर्ट्झचा, तर काहींचा सुमारे ९० किलोहर्ट्झचा आढळला. डीएनएने ते दोन वंश असल्याचे सांगितले आणि २०१२ मध्ये दुसऱ्याला स्वतंत्र नाव मिळाले. वानरांच्या वर्गीकरणात शेपटीचा उपयोग झाला. चालताना उत्तरेकडील वानरांची शेपटी डोक्याच्या दिशेने वळते, दक्षिणेकडील वानरांची मागच्या बाजूला झुकते. एम. एल. रूनवाल यांनी तापी-गोदावरीच्या आसपास ही सीमा दाखवली होती. पुढे जनुकीय अभ्यासाने वानरांच्या एकाच जातीचे अनेक भाग केले. कोयना-चांदोलीत राहणारी पिसोरी हीदेखील २००५ पर्यंत श्रीलंकेतल्या पिसोरीबरोबर एकाच जातीत होती. कॉलिन ग्रोव्हज आणि एरिक मायार्ड यांनी कवट्या व रंग तपासून श्रीलंकेच्या दोन आणि भारताची एक अशा तीन जाती मांडल्या.

नाव मिळाले की प्राण्याची कायद्यातली जागा बदलते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी होते आणि त्यांत सगळे उंदीर, सगळी फळखाऊ वटवाघळे सरसकट धरली होती. सालिम अलींचे वटवाघूळ वेगळी जात म्हणून माहीत झाल्यावरच त्याला पहिल्या अनुसूचीत आणता आले. बारापेडेच्या वटवाघळालाही त्याच अनुसूचीत संरक्षण मिळाले. सातारचा रानउंदीर मात्र २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची रद्द होईपर्यंत कागदोपत्री घरातल्या उंदराइतकाच मारण्याजोगा होता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला ‘असुरक्षित’ वर्गात ठेवले आहे. तो झाडांच्या शेंड्यांजवळ राहतो, म्हणून छत्र तुटलेल्या जंगलात त्याला जागा उरत नाही.

घाटमाथ्यावर आज त्याला संरक्षित मुलूख आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. व्याघ्र प्रकल्पातील स्वयंचलित कॅमेऱ्यांनी २०१८ मध्ये वाघाची नोंद केली. हे कॅमेरे गुडघ्याच्या उंचीवर, पायवाटेकडे तोंड करून बसवलेले असतात. वीस-तीस फूट उंच फांदीवरून जाणारा, मुठीत मावेल एवढ्या धडाचा प्राणी त्यांच्या टप्प्यात येत नाही आणि आला तरी छायाचित्रावरून उंदराची जात ओळखता येत नाही. त्यासाठी फांद्यांवर बांधायचे पत्र्याचे पिंजरे, चार मापे आणि कानाच्या कडेचा कणभर तुकडा लागतो. कान टोचून प्राणी सोडून देता येतो, म्हणून आता प्रत्येक नमुन्यासाठी तो मारावा लागत नाही.

या कामाला सातारा जिल्ह्यात खास महत्त्व आहे, आणि ते नामकरणाच्या नियमांतून येते. जातीचे नाव कायमचे बांधलेले असते ते ज्या नमुन्यावरून पहिले वर्णन झाले त्या मूळ नमुन्याला. ‘रॅटस सातारी’चा मूळ नमुना घाटमाथ्यावरचा आहे. महाराष्ट्राखेरीज ही जात कोडगू आणि निलगिरीतून नोंदली गेली असून या ठिकाणांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर आहे. उद्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे रानउंदीर दोन वेगळे वंश निघाले, तर सातारचे नाव साताऱ्याच्या प्राण्याकडेच राहील आणि दक्षिणेकडच्यांना नवे नाव द्यावे लागेल. हे ठरवायचे तर कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांतले ताजे नमुने दक्षिणेतल्या नमुन्यांशी जनुकीय पातळीवर ताडून पाहावे लागतात, आणि ते नमुने हिंटनच्या प्राण्याच्या मुलखातूनच, म्हणजे पाटण आणि शिराळा तालुक्यांच्या पश्चिम कडेच्या जंगलातून, मिळवावे लागतात.